हिरो, भाऊ, बाप, आजा : ४८ हंगामांवर वाचकांचे प्रश्न

गेले आठ महिने या मासिकात माझ्या आठवणी आल्या. शेवटचा भाग छापून आला तसे वाचकांचे प्रश्न यायला लागले. कोणी कार्ड टाकलं, कोणी व्हॉट्सअॅपवर निरोप पाठवला, एका मावशीनं तर कापडाच्या पाकिटात चिठ्ठी घालून एसटीच्या कंडक्टरकडे दिली. सगळ्यांना उत्तरं देणं या पानांत मावणार नाही. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले आणि ज्यांनी मला रात्री झोपू दिलं नाही, ते घेतले आहेत.

ज्यांनी आठवणी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी एवढंच. मी लाखांदूर तालुक्यातला धान पिकवणारा शेतकरी आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवरचा नट. १९७५च्या दिवाळीनंतर पहिल्यांदा तोंडाला रंग लावला, २०२४च्या होळीला शेवटचा पुसला. मधला २०२०-२१चा हंगाम कोरोनानं नेला. राहिले ४८.

काकाजी, आम्ही घरचे सगळे तुमच्या आठवणी मोठ्यानं वाचत होतो आणि हसत होतो. पण वडील गेले त्या रात्रीबद्दल तुम्ही फक्त एक ओळ लिहिली. एवढं सोसून हसवणारं का लिहिलं?
– एक शिक्षिका, आरमोरी

मॅडम, या प्रश्नाचं उत्तर आमच्या गाडीत आहे. नाटक रात्री दहाला उभं राहते आणि पहाटे पाचला पडदा पडते. मग सामान भरायचं, पडदे गुंडाळायचे आणि उजाडता उजाडता पुढच्या गावाकडे निघायचं. गाडीत सोळा-सतरा माणसं, त्यात ऑर्गनची पेटी, तबला, ऑक्टोपॅड, महालाचा पडदा आणि जंगलाचा पडदा. डिसेंबरची थंडी. त्या गाडीत मी माणसांना आपलं दुःख सांगताना ऐकलं आहे. कोणी सरळ रडून सांगितलं तर बाकीचे गप होतात, खिडकीकडे पाहतात, कारण प्रत्येकाच्या घरी तसंच काही ना काही असते. तेच कोणी हसत सांगितलं की सगळी गाडी जागी होते, कोणी आपली अर्धी चादर त्याच्या अंगावर टाकते. मी लिहायला बसलो तेव्हा माझ्यासमोर ती गाडीच होती. तशीच भाषा आली.

बाप गेला १९८८च्या जानेवारीत. निरोप आला तेव्हा दुसरा अंक सुरू होता आणि माझं काम हसवायचं होतं. गावात नाटक ठेवणाऱ्या मंडळाच्या माणसानं निरोप दाबून ठेवला नाही, मला विंगेत सांगितला आणि म्हणाला, 'तू म्हन, आमी आत्ता पडदा पाडतो गा.' मी म्हटलं, संपवून जातो. त्या रात्री लोक पोट धरून हसले. त्यांचा काय दोष? तनसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, लेकरं घेऊन बसलेली माणसं, त्यांना काय माहीत होतं. त्यांच्या हसण्यावर मी दहा ओळी लिहिल्या असत्या तर त्यांना आज अपराधी वाटलं असतं. त्या गावात माझे ओळखीचे लोक अजून आहेत. म्हणून एक ओळ.

तुम्ही पत्रात विचारलं की लोट्यावाल्या म्हातारीची गोष्ट खरी का. खरी. गाव सिंदेवाहीच्या बाजूचं होतं. मी बापाच्या भूमिकेत खाटेवर मरत होतो, लेक परगावी, सून पाणी देत नाही, असा प्रसंग. 'पाणी, पाणी' असं मी तीन वेळा म्हणायचो आणि मान टाकायचो. दुसऱ्यांदा पाणी म्हटलं आणि पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली. हातात पितळेचा लोटा. कोणाला कळायच्या आत पायरी चढून मंचावर आली आणि सूनबाईचं काम करणाऱ्या पोरीला म्हणाली, 'तुले नाई द्याचं तं नोको देऊ, मी पाजतो बुढ्याले.' सगळा मंडप हसला. दोन हजार माणसं हसली असतील.

आता नट म्हणून माझ्यासमोर दोन वाटा होत्या. उठून तिला हात जोडायचे, किंवा मेलेलाच पडून राहायचं. मी पाणी प्यालो. खरंच प्यालो, तहान लागलीच होती. मग तिचा हात धरला आणि म्हटलं, 'माय, आता मी मोकडा झालो.' आणि मान टाकली. हे वाक्य नाटकाच्या पुस्तकात नव्हतं. खाली खड्ड्यात बसलेल्या प्रॉम्प्टरनं वही मिटली आणि टॉर्च विझवला. मंडपात इतकं शांत झालं की चहाच्या कँटीनमधली कपबशी ऐकू आली. म्हातारी तिथेच माझ्या उशाशी बसून राहिली. पडदा पडला तो तिच्यासकट.

गोष्ट इथे संपत नाही, आणि आठवणींत जागेअभावी हा भाग गळला. कंपनीला तो प्रसंग फार आवडला. पुढच्या गावी आम्ही आमच्याच एका बाईला लुगडं नेसवून, लोटा देऊन लोकांत बसवलं. ती वेळेवर उठली, चढली, तेच बोलली. मी तेच बोललो. एक माणूस हसला नाही, एक माणूस रडला नाही. तिसऱ्या गावी आम्ही ते काढून टाकलं.

टिकलात कसे? आमच्या ओळखीचे तुमच्या वेळचे चांगले चांगले नट पन्नाशीच्या आत घरी बसले.
– एक माजी सरपंच, अर्जुनी मोरगाव

सरपंच साहेब, पहिली गोष्ट धानाची. रोवणा जुलै-ऑगस्टात, कापणी दिवाळीच्या आगंमागं. चुरणी झाली, पोती घरात आली, हातात थोडा पैसा खेळला आणि बांधी, म्हणजे धानाचं शेत, रिकामी पडली की मंडई म्हणजे गावची जत्रा भरते, पट म्हणजे बैलांची शर्यत भरते, आणि त्याच बांधीत मंडप उभा राहतो. नाटकाचा हंगाम दिवाळी ते होळी, शेतीचा हंगाम पावसाळा ते दिवाळी. एकमेकांच्या आड येत नाहीत. मला तीन एकर होती. कोणत्या वर्षी कंपनीनं पैसे थकवले तर घरात तांदूळ होता. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांचं टिकणं माझ्यापेक्षा अवघड होतं, आणि ते टिकले नाहीत यात त्यांच्या कलेची कसर नव्हती. हे मला आधी सांगायचं आहे, कारण माझ्याविषयी बोलताना लोक नेहमी जिद्द, जिद्द म्हणतात. जिद्द त्यांच्यातही होती.

दुसरी गोष्ट, मी जागा सोडत गेलो. १९९१ला मी ३८ वर्षांचा होतो आणि हिरो होतो. वडशाला कंपनीच्या ऑफिसात हंगामाच्या कराराला गेलो तर मालक म्हणाले, यंदा हिरोच्या मोठ्या भावाचं काम करा. रात्रीचे पैसे कमी होणार होते. चार दिवस मी घरी कोणाशी बोललो नाही. मग बायकोनं विचारलं, त्या भावाचे सीन किती? तीन. लोक रडतात तो सीन कोणाचा? भावाचा. 'मंग?' म्हणाली. दुसऱ्या दिवशी सही करून आलो.

हिरो, भाऊ, खलनायक, बाप, आणि २०१२पासून आजा. दर वेळी पुढच्या माणसाला माझी जागा देताना मी त्याच्यासोबत तालमीत बसलो. कुठे थांबायचं, टांगलेल्या माईकच्या किती जवळ यायचं, टाळी आली तर वाक्य कसं धरून ठेवायचं, सगळं दाखवलं. त्यामुळे मला सगळ्यांचीच कामं पाठ झाली. कोणाला ताप आला, कोणाची गाडी बंद पडली, की मालक माझ्याकडे पाहायचे. एका रात्री मी पहिल्या अंकात आजा होतो आणि तिसऱ्या अंकात इन्स्पेक्टर.

२००६ला माझा आवाज बसला. डॉक्टरांनी दोन महिने बोलू नका सांगितलं. हंगाम ऐन भरात. मी मालकांना चिठ्ठी लिहून विचारलं, प्रॉम्प्टिंगला कोणी मदतनीस पाहिजे का? जुन्या प्रॉम्प्टरच्या शेजारी बसून पानं उलटणं, टॉर्च धरणं, सामानाच्या खुणा करणं. पैसे अर्धे. त्या खड्ड्यातून चाळीस रात्री मी नाटक खालून पाहिलं. वरच्यांचे पाय दिसतात तिथून. कोण घाबरला आहे ते चेहऱ्याआधी पायात दिसते. त्या चाळीस रात्रींनी मला पुढचे सगळे हंगाम दिले असं मी मानतो.

मी २४ वर्षांचा आहे, यंदा पहिल्यांदा मोठ्या कंपनीत काम मिळालं. रोज रात्री सात तास बोलून आवाज कसा सांभाळायचा?
– एक नवा कलाकार, नागभीड

बाबू, अभिनंदन. मी डॉक्टर नाही, पण आवाज गमावून परत मिळवलेला माणूस आहे, तेवढ्या हक्कानं सांगतो.

दिवसभर थोडं थोडं पाणी पीत राहा, कोमट मिळालं तर उत्तम. घसा लागला की कुजबुजून बोलायची सवय असते आपल्याला. ती नको. कुजबुजण्यानं घशावर ताण येतो. बोलूच नको, वही वापर. शेकोटीपासून दूर बस. थंडी वाजते हे खरं, पण धूर सरळ घशात जातो. वाफ घे, ज्येष्ठमधाची काडी तोंडात धर. ओरडायचं काम असेल तर पोटातून हवा उचल, मानेच्या शिरा फुगल्या तर समज चुकते आहे. दुपारी किमान सहा तास झोप, आणि झोपायच्या जागेसाठी मंडळाशी भांडायला लाजू नको.

आणि आता खर्रा. तुझ्या चिठ्ठीला त्याचा वास होता, म्हणून रागावून नाही, काळजीनं लिहितो. सुपारी, तंबाखू, चुना. रात्री जागायला मदत होते म्हणून प्रत्येक गाडीत पुड्या असतात. सुपारीनं गालाच्या आतलं कातडं हळूहळू कडक होते, तोंड उघडायचं कमी कमी होत जाते, आणि पुढे कॅन्सरचा धोका. आत्ता आरशासमोर उभा राहा, आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर उद्याच दातांच्या डॉक्टरकडे जा. माझ्यासोबतचा एक अप्रतिम गायक नट, ज्याची नांदी ऐकायला लोक नऊला येऊन बसायचे, त्याचं तोंड शेवटी एक बोट उघडायचं. त्याला मी घास भरवला आहे. त्याचं नाव मी आठवणींतही लिहिलं नाही, इथेही लिहीत नाही.

नाटकवाले पितात असं म्हणतात. खरं काय?
– एक वाचक, मूल

काही पितात, बहुतेक पीत नाहीत. गडचिरोली जिल्ह्यात १९९३पासून दारूबंदी आहे आणि ती बायाबापड्यांच्या चळवळीनं आली. त्याच बाया आमच्या नाटकाला पुढच्या रांगेत बसतात. त्यांच्यासमोर पिऊन उभं राहणारा नट मी माझ्या गाडीत घेतला नाही.

शंकरपट बंद होता ती वर्षं आणि कोरोना, या काळाबद्दल तुम्ही फार हातचं राखून लिहिलं आहे असं वाटलं.
– एक वाचक, साकोली

बरोबर ओळखलं. तो भाग मला हसत लिहिता आला नाही.

२०१४च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि पट थांबले. बैलांना त्रास होऊ नये हे मलाही पटते, मी स्वतः बैलजोडी पाळली आहे. पण पट म्हणजे फक्त शर्यत नव्हती. पटाला जावई येतात, लेकी येतात, पाहुण्यांनी घर भरते, पोरापोरींच्या सोयरिकी जुळतात, आणि रात्री सगळे नाटकाला. पाहुणेच आले नाहीत तर तिकीट कोण घेणार? मंडळं भीत भीत नाटक घ्यायला लागली. काही गावांनी मंडईवर नाटक टिकवलं. माझी तारखांची वही त्या काळात पातळ झाली. २०२१च्या डिसेंबरात महाराष्ट्रात अटी घालून परवानगी मिळाली, आणि मे २०२३मध्ये घटनापीठानं ती कायम केली. पण तोवर कोरोना येऊन बसला होता.

मार्च २०२०मध्ये हंगामाचे शेवटचे प्रयोग मोडले. पुढचा पूर्ण हंगाम गेला. ऑर्गन वाजवणारा आमचा माणूस मोहफुलं वेचायला जायचा, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. एक नटी नागपूरला घरकाम करत होती. मी रोज संध्याकाळी एकेकाला फोन लावून त्याच्या भूमिकेचा एक सीन त्याच्याकडून म्हणवून घ्यायचो. कोणी विसरलं नव्हतं. त्या फोनांमधूनच हे लिखाण सुरू झालं. माझी नात सांगायची, 'आबाजी, मोबाईलमध्ये बोला, मी लिहितो.' पहिले दोन भाग तिनं लिहून घेतले.

२०२३ला पद्मश्रीच्या यादीत परशुराम खुणे यांचं नाव आलं. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचा, आमच्यासारखाच धान पिकवणारा, आठशेच्या वर भूमिका केलेला माणूस. त्या संध्याकाळी आमच्या गावात लोकांनी फटाके फोडले. मला कोणी काही दिलं नव्हतं, पण बाया माझ्या घरी ओवाळायला आल्या. दिल्लीनं आमच्या बांधीतल्या मंडपाकडे पाहिलं, एवढ्यासाठी.

ज्या स्त्री कलाकाराबरोबर तुम्ही २२ हंगाम केले, तिच्याबद्दलची प्रकरणं सगळ्यात चांगली आहेत. तिनं हे वाचलं आहे का?
– एक ग्रंथपाल, भंडारा

छापायच्या आधी वाचलं. हस्तलिखित घेऊन मी तिच्या गावी गेलो, दोन दिवस राहिलो. तिच्या सुनेनं कोचईच्या वड्या केल्या होत्या. तिनं पाच गोष्टींपैकी दोन काढायला लावल्या. एक माझ्या मते आठवणींतली सगळ्यात हसवणारी होती. ती म्हणाली, 'तुमी सांगता तवा लोक तुमच्यासंगं हासतात. माही नात वाचन तवा ते माह्यावर हासन.' मी तिच्यासमोरच पानं फाडली. सुरुवातीला मी स्वतः स्त्रीपार्ट करायचो, पदर सावरत विंगेत उभं राहायचो तेव्हा माणसं काय बोलतात ते ऐकलेलं आहे. खऱ्या बाईला ते हंगामभर ऐकावं लागते, आणि घरी गेल्यावर उरलेले आठ महिनेही. २२ हंगाम ती उभी राहिली. माझ्या टिकण्याला लोक टाळ्या देतात, तिच्या टिकण्याला द्यायला पाहिजेत.

आठवणी झाडीबोलीत का लिहिल्या नाहीत?
– एक विद्यार्थी, ब्रह्मपुरी

बोलणं झाडीबोलीत ठेवलं, सांगणं तुमच्या शाळेच्या मराठीत. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी आपल्या बोलीसाठी आयुष्य घातलं आहे, त्यांच्यापुढे मी काय बोलणार. मंचावरही तसंच असते बघ. राजा, इन्स्पेक्टर, शहरातला डॉक्टर पुस्तकी बोलतात, आणि गडी, म्हातारी, आजा बोलले की मंडप आपला होतो. पुढचं पुस्तक तू लिही, सगळं बोलीत.

म्हाताऱ्या कलावंतांना सरकारकडून काही मिळते का? माझे सासरे दंडार या लोककलेत आणि नाटकात पंचवीस वर्षं होते.
– एक वाचक, लाखनी

मिळते. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची. २०२४पासून महिन्याला ५,००० रुपये. वय पन्नासच्या वर आणि कलेत किमान पंधरा वर्षं काम लागते, उत्पन्नाचा दाखला लागतो. पंचायत समितीत चौकशी करा. खरी अडचण पुराव्याची येते. दंडारीचे पुरावे कोण ठेवते? जुन्या नाटकांची हँडबिलं शोधा, ती लोक धान्याच्या कोठीच्या तळाशी घालतात, माझी तिथेच सापडली. मंडळांकडून पत्र घ्या, फोटोच्या मागे गाव आणि साल लिहून ठेवा. सासऱ्यांना आठवते आहे तोवर हे करा.

माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत. मागच्या वर्षी त्यांना दम्याचा त्रास झाला. तरी यंदा गावच्या मंडळाच्या नाटकात काम करायचं म्हणून हट्ट धरून बसले आहेत. भाऊ म्हणतो नाही म्हणजे नाही. तुम्ही काय कराल?
– एक लेक, पवनी तालुका

बाई, तुझी चिठ्ठी मी सगळ्यात जास्त वेळा वाचली. मीही ७२चा आहे, त्यामुळे बाबांच्या बाजूनं झुकतो असं वाटेल तुला. आधी त्यांना डॉक्टरकडे ने आणि रात्रीची थंडी, धूळ, धूर याबद्दल सरळ विचार. डॉक्टर नको म्हणाले तर भावाचं ऐका, आणि बाबांना तालमीला न्या. तालीम दिवसा ठेवायला सांगा, मंडळ ठेवेल.

डॉक्टर हो म्हणाले तर मंडळाच्या माणसाला भेट. त्यांना पहिल्या अंकातलं काम द्यायला सांग. नांदीनंतरचा पहिला प्रवेश झाला तर आणखी चांगलं. तेव्हा मंडप भरलेला असते, लेकरं जागी असतात, आणि साडेअकराच्या आत ते मोकळे होतात. इनहेलर विंगेत कोणाच्या हातात द्यायचं ते आधी ठरवा, त्यांच्या खिशात ठेवू नका, पोशाख बदलताना राहून जाते. रंग पुसायला खोबरेल तेल गरम करून ने. काम झालं की त्यांना लगेच घरी नेऊ नको, तू आणि भाऊ त्यांना मधोमध बसवून दुसरा अंक पाहा. झोप आली की ते स्वतःच उठतील. मफलर कानावरून बांध.